चकचकीत रिव्हॉल्व्हरच्या नळीतलं कडं

जुनं हत्यार तपासायला आणणारे बहुतेक जण आधी त्याची चमक दाखवतात. हे .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर तर नव्यासारखं लखलखत होतं. गिऱ्हाईक परवानाधारक, कागदपत्रं जुळणारी. विकणाऱ्याने तपासून घ्यायला मुदत दिली होती, ही जमेची बाजू. ती न देणाऱ्याकडून वापरलेलं हत्यार घेऊच नये.

सिलिंडर बाहेर काढून सहाही चेंबर (काडतुसांची घरं) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केली. कोणी काहीही सांगो, ही पायरी गाळायची नसते. मग चमकेकडे वळलो. मूळ पॉलिश असेल तर फ्रेमच्या कडा धारदार आणि कोरलेली अक्षरं ठसठशीत असतात. इथे अक्षरं बोथटलेली, स्क्रूच्या भोकांभोवतीचा भाग खोलगट. म्हणजे बफ मारून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा गंजरोधक निळसर-काळा थर) केलेलं. त्यात गैर काही नाही, पण गंजाचे खड्डे असेच घासून काढले जातात, म्हणून पुढची तपासणी जास्त कडक करावी लागते. अनुक्रमांक मात्र स्वच्छ होता. तिथे घासल्याची खूण असती तर मी काम तिथेच थांबवलं असतं.

टायमिंगसाठी, म्हणजे प्रत्येक चेंबर वेळेवर नळीसमोर येतं का हे पाहायला, सिलिंडरवर बोट हलकंच टेकवून घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर खटकन लॉक व्हायला हवा. एखादं चेंबर मागे राहिलं, तर गोळी नळीत तिरकी शिरते आणि शिसं खरवडून बाजूला उडतं. सहाही चेंबर ठीक होती. चढलेला घोडा अंगठ्याने पुढे रेटला, सुटला नाही. सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) दोनदा मोजतात, सिलिंडर मागे दाबून आणि पुढे दाबून. मागे दाबून ती 0.15 मिमी भरली (0.10 ते 0.20 असली की मी समाधानी असतो) आणि दोन मापांतला फरक नगण्य होता.

नळीच्या मागच्या तोंडाशी, फोर्सिंग कोनवर (गोळी नळीत शिरते त्या निमुळत्या भागावर), शिसं आणि काजळी साचली होती. ही काजळी भेगा झाकते, त्यामुळे सॉल्व्हंट आणि ब्राँझच्या ब्रशने ती काढल्याशिवाय भिंग हातात घेण्यात अर्थ नाही. मध्यम फ्रेमच्या काही .357 रिव्हॉल्व्हरमध्ये क्रेनला, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या दांड्याला, जागा मिळावी म्हणून हा भाग खालून सपाट कापलेला असतो. तिथे पोलाद पातळ पडतं, आणि हलक्या 125 ग्रेनच्या मॅग्नम गोळ्या खूप झाडल्या की तडा जातो तो तिथेच. इथे तडा नव्हता.

एवढं सगळं नीट निघाल्यावर नळी पुसून मागे पांढरा कागद धरला आणि समोरून आत पाहिलं. मध्यावर एक काळसर कडं. रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) रेषा तिथपर्यंत सलग येत होत्या, कड्याशी अंधूक होऊन पुढे पुन्हा उमटत होत्या. गजावर घट्ट चिंधी बसवून ती आत सरकवली, तर त्याच जागी हात क्षणभर सैल पडला. बाहेरून बोटाला काही जाणवेना. नळी ट्यूबलाइटखाली आडवी धरून हळूहळू फिरवली, तेव्हा प्रकाशाची सरळ रेघ तिथे किंचित वाकली.

हे कमी दारूच्या काडतुसाचं काम. बार फुसका होतो, धक्का जवळजवळ बसत नाही आणि गोळी नळीतच अडकते. चालवणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नाही आणि त्याने पुन्हा चाप ओढला, की मागून आलेली गोळी अडकलेलीवर आदळते, दाब एकदम चढतो आणि नळी त्या जागी फुगते. ताणलेलं पोलाद पूर्वपदावर येत नाही.

"पण नेम तर चांगला लागतो म्हणाले," गिऱ्हाईक म्हणालं. लागतही असेल, अशा नळ्या कधीकधी बऱ्यापैकी नेम देतात, म्हणून तर हा दोष पुढच्या मालकापर्यंत पोचतो. मी सांगितलं, "साहेब, नेमाचं सोडा, ही नळी बदलल्याशिवाय हे चालवू नका." नळी बदलायची म्हणजे नवी बसवताना नेम धरायची पुढची माशी सरळ उभी यायला हवी, फट पुन्हा जुळवायची, फोर्सिंग कोन कापायचा. हा खर्च किमतीतून वजा झाला तरच सौदा परवडतो. तो झटका फ्रेमनेही सोसलेला असतो, तेव्हा तीही तपासून घ्यावी लागते.

विकणारा किंमत उतरवायला तयार नव्हता. रिव्हॉल्व्हर परत गेलं. सोबत मी कड्याची जागा नळीच्या तोंडापासून मोजून कागदावर लिहून दिली, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला ते अंधारात ठेवून विकलं जाऊ नये.