तुम्ही विचारलंत म्हणून : उतरवलेली तार

"आपल्याकडे गाणी कमी पडली का, त्या अमेरिकेतल्या खाणकामगाराचं रडगाणं वाजवत बसतेस ते?" भाऊबीजेला विचारलंत, बारशाला विचारलंत, परवा आत्यांनी फोनवर विचारलं. दरवेळी 'आवडतं' म्हणून मी विषय बदलला. आज सांगते.

माझा बँजो मिरवणुकीतला नव्हे. हा पाच तारांचा, गोल, कातड्याने मढवलेला. आणि त्याला गोऱ्यांचं वाद्य म्हणू नका. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून ते तिकडे घडवलं. मी ज्याची गाणी वाजवते तो डॉक बॉग्ज व्हर्जिनियातल्या डोंगराळ नॉर्टनचा. पोरवयात काळ्या वादकांचं ऐकून त्याचा हात वळला. जन्म कोळशाच्या खाणीत गेला. 1927 साली न्यूयॉर्कला जाऊन आठ गाणी रेकॉर्ड केली. पुढे मंदी आली, धार्मिक बायकोला गाणंबजावणं पटेना, आणि त्याने बँजो सोडला. 25 वर्षांच्या आसपास.

या बँजोची पाचवी तार आखूड असते. गाणं कुठेही जावो, अंगठ्याखाली ती आपल्या एकाच सुरात वाजत राहते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पाणी भरत होते. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं सुचलं नाही. ते बाबांचं तुणतुणं होतं.

बाबा गिरणीत होते आणि शाहिराच्या मागे झील धरायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि वर्षभरात आम्ही गावी आलो. मी आठवीत. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांनी बाबांना गायला बोलावलं. आदल्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून घसा मोकळा करत होते. आवाज वर चढला की त्यांच्या मानेची शीर टरारून यायची. कुंपणापलीकडे माझ्या वर्गातल्या पोरी "जी जी रं जी" करून वेडावत होत्या. मी बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, उद्या शाळेत येऊ नका. दारावर मागायला आल्यासारखं वाटतं तुमचं गाणं."

"बरं," म्हणाले. खुंटी पिळून तार उतरवली, तुणतुणं जुन्या धोतरात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. सकाळी शाळेत निरोप धाडला, घसा बसलाय. 1998 ला गेले. मधल्या काळात त्यांनी ते एकदाही खाली काढलं नाही.

तेरा वर्षांची पोर, तिला काय कळत होतं, असं मी मला बरीच वर्षं समजावलं. पण तिला कळत होतं. कुठला शब्द लागेल ते बघूनच तिने काढला होता.

मग बाबांचंच गाणं शीक की, म्हणाल. झील म्हणजे दुसऱ्याच्या ओळीला दिलेला आधार, ती एकटीने कशी धरू? हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. बॉग्ज गप्प झाला त्यात माझा हात नव्हता, म्हणून त्याचं गाणं मला ऐकवतं. पूर्वी मी त्याच्या बायकोवर चिडायचे. आता चिडत नाही. गाण्याबरोबर दारू आणि मारामाऱ्या यायच्या, तिलाही घर सांभाळायचं होतं. माझ्याकडे तसलं काही कारण नव्हतं.

1963 मध्ये माइक सीगर नावाचा लोकगीतांचा गायक-संग्राहक नॉर्टनला बॉग्जला शोधत गेला, तेव्हा म्हाताऱ्याने नुकताच बँजो परत हातात घेतला होता. त्याच वर्षी बॉग्ज अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला.

मी बँजो घेतला तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा ढिल्या करा, म्हणजे पुन्हा चढवताना वाद्य धड असेल. मला ओटा आठवला. पुन्हा वाजवायचंच नसेल तर माणूस तार कशाला उतरवेल? आईला विचारलं. ती म्हणाली, "सवयीनं केलं असेल गं."

ते धोतर मी अजून सोडलेलं नाही.