व्हरांड्याखालचा आणि हौदातला

शाळा म्हटलं की मला आधी आठवते ती व्हरांड्याच्या कडेची कोरडी, भुसभुशीत माती. पाऊस तिथवर पोचत नसे, म्हणून मुंगीसिंहाच्या अळ्यांनी तिथे नरसाळ्यासारखे खड्डे केलेले असत. विज्ञानाच्या सरांनी आम्हाला त्यांच्यापाशी पालथं झोपवलं. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. एक मुंगी घसरली. ती वर चढू लागली की तळातून मातीचे फवारे उडत. अळी डोक्यानेच माती उडवत होती. मग विळ्यासारखे दोन जबडे वर आले आणि मुंगी दिसेनाशी झाली. त्या जबड्यांतूनच अळी भक्ष्याच्या अंगात पाचक रस सोडते आणि आतला रस शोषून घेते.

पुढच्या आठवड्यात सरांनी हौदातून मातकट रंगाचे किडे काढले. ही चतुराची पिल्लं, हे ऐकून मी थक्क झालो. हनुवटीखाली कोपरातून दुमडल्यासारखा एक हात. समोर डासाची अळी वळवळली, हात सुटला, मिटला आणि अळी तोंडात! डोळ्यांना मधलं काही दिसलंच नाही.

दोघेही दबा धरणारेच. पण मला खरी गंमत वाटली ती त्यांच्या मागच्या टोकाची. चतुराचं पिल्लू तिथून पाणी आत घेतं, आतल्या कल्ल्यांनी श्वास घेतं आणि धोका दिसला की तेच पाणी जोरात सोडून पुढे झेपावतं. सरांनी मागे शाईचा थेंब सोडला, तेव्हा ती धार आम्हाला चक्क दिसली. मुंगीसिंहाच्या अळीची आतड्याची वाट मात्र मागे बंदच असते. कधी कधी दोन-तीन वर्षं अळी म्हणून जगायचं आणि साठलेली विष्ठा पंख फुटल्यावरच टाकायची!

मुंगीसिंहाच्या अळीने केलेला मातीचा एक गोल कोष आम्ही बरणीत ठेवला होता. त्यातून पंखवाला किडा निघाला तेव्हा सगळा वर्ग ओरडला, "चतुर!" सर म्हणाले, "मिशा बघा." चतुराच्या मिशा केसासारख्या, तोकड्या, याच्या लांब आणि टोकाशी जाड. बसल्यावर पंखही त्याने पाठीवर छपरासारखे मिटले.

त्याच सुमारास हौदातल्या काडीवर चतुराची रिकामी कात सापडली, पाठीवर उकललेली. ती आजही माझ्याकडे काड्यापेटीत आहे. भिंग धरलं की हनुवटीखाली दुमडलेला तो हात अजून दिसतो.