ठाणे ते लंडन: ७,२०० किलोमीटरचा हिशोब

मुंबई ते लंडन अंतर शोधलं की साधारण ७,२०० किमी येतं, विमान ताशी ९०० ने उडतं, म्हणजे आठ तास, असा हिशोब आईने निघायच्या आधीच मांडून ठेवला होता. तिकिटावर मात्र जाताना जवळजवळ दहा तास, येताना नऊ, आणि वर दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेसहाला पोचणार! तिला हे काही केल्या पटेना, आणि मला तर हा विषय म्हणजे जीव की प्राण.

आता बघा, ७,२०० ही गोल पृथ्वीवरची सगळ्यात जवळची वाट, पण विमानाला ती मिळतेच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि आपल्या विमानांना एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानवरून जाता येत नाही, मग वळसा आलाच. मी पिक्चर वगैरे न लावता समोरच्या स्क्रीनवरचा नकाशाच बघत बसलो, कितीतरी वेळ खाली नुसता अरबी समुद्र.

आणि खरी मजा वाऱ्याची. ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा, ताशी शंभर-दीडशे किमी तर सहज. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीवर घेतो, म्हणून तेच अंतर आणि तासाभराचा फरक. स्क्रीनवर जमिनीच्या हिशोबाचा वेग दिसतो ना, तो जाताना ८०० च्या आसपास आणि येताना हजाराला टेकलेला, आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अगोबाई, म्हणजे वारंच ढकलतंय की!" अगदी तेच.

जूनचे दिवस, त्यात आपण सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला, त्यामुळे अख्ख्या प्रवासात अंधार पडलाच नाही. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे (हिवाळ्यात साडेपाच), म्हणून घड्याळात साडेपाचच तास गेल्यासारखे वाटतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, गर्दी असली की विमानं आजूबाजूच्या ठरलेल्या चार जागी घिरट्या घालतात, आम्हीही दोन-तीन घातल्या. हा वेळ कुठल्याच किलोमीटरमध्ये धरलेला नसतो.

आणि घोडबंदर रोडवरून मुंबईच्या टी-टूला जायचं तर माजिवड्यापासून पवईपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही, तीन तास आधी पोचायचं ते वेगळंच, त्यामुळे आई-बाबांना पाठवत असाल तर दारापासून दारापर्यंत सोळा-सतरा तास धरा आणि औषधांच्या वेळा त्यावर लावा. येताना रात्री नऊचं विमान घेतलं तर रात्र फार लहान मिळते, सूर्य समोरून येतो, म्हणून जेवण झाल्या झाल्या झोपून टाकायचं.