ज्ञानेश्वर बसला, ज्ञानेश्वरी बसेना

एका पतसंस्थेचं सभासद नोंदणीचं काम. ओरॅकल डेटाबेस, त्याची भाषा पीएल-एसक्यूएल, नेहमीचंच. नावाच्या कॉलमला मी व्हारचार२(३०) दिलं, म्हणजे जास्तीत जास्त तीस लांबीचा मजकूर, आणि पुढे गेलो. तीस अक्षरांचं नाव ठेवतंय कोण? इंग्रजीत नावं होती तोवर कुणी हूं की चूं केलं नाही.

मग संस्थेने मराठी नावं भरायला घेतली आणि फोन सुरू झाले. बहुतेक नावं जायची, मधलंच एखादं अडायचं. ओरॅकलचा एरर, ओआरए-१२८९९. तीन दिवस मी स्क्रीनच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी तिथल्या क्लार्क ताई म्हणाल्या, "सर, ज्ञानेश्वर जातो, ज्ञानेश्वरी जात नाही."

तेव्हा कुठे मी एररची ओळ शेवटपर्यंत वाचली. आलेले ३३, कमाल ३०. ते ३० अक्षरं नव्हे, बाइट (साठवणीची एककं) होते! साधं ३० लिहिलं की ओरॅकल मुळात बाइटच धरतो, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, जोडाक्षरातला लपलेला हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. ज्ञानेश्वर दिसायला चार अक्षरं. आत दहा चिन्हं, काठोकाठ ३० बाइट. वेलांटी आली की सांडलं. लेंथ (चिन्हं मोजतं) आणि लेंथबी (बाइट मोजतं) एकाच सिलेक्ट क्वेरीमध्ये चालवले असते तर मिनिटात कळलं असतं.

उपाय एका शब्दाचा: कंसात ३० च्या पुढे 'चार' लिहायचं (आकडा नव्हे, कॅरॅक्टरमधलं). पण चालू डेटाबेसवर तो शब्द चढवायच्या मंजुरीला अकरा दिवस! फॉर्मवर 'बदलाचे कारण' होतं, तिथे मी चिडून 'ज्ञानेश्वरी' एवढंच लिहिलं. ते मंजूर झालं.

तरी नाव जाईना. आता ओआरए-०६५०२, व्हेरिएबलमध्ये नाव मावत नाही म्हणून. प्रोसीजरमधलं माझंच व्हेरिएबल अजून जुन्या तीसचं. तिथे आकडा लिहूच नका, कॉलमचं नाव देऊन परसेंट टाइप लावा, म्हणजे व्हेरिएबल कॉलमचीच लांबी घेतं.

हो, आणि शाखा कोडला नुसता चार टाइप (ठराविक लांबीचा) देऊ नका. उरलेली जागा तो स्पेसने भरतो, मग व्हारचार२ व्हेरिएबलशी तुलना केली की जुळत नाही. शेऱ्यासाठी सरळ क्लॉब (मोठ्या मजकुराचा टाइप) घ्या. व्हारचार२ला ४००० चार दिलं तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये मर्यादा ४००० बाइटचीच, म्हणजे मराठीत १३३३ चिन्हं, आणि आमच्या ताई शेरा सविस्तर लिहितात.