दाराशी उभी राहणारी मुलं

परिपाठ संपता संपता दुसरीतली एक मुलगी रोज दाराशी यायची, एकाच वेणीला रिबीन बांधलेली. उशिरा आलेल्या मुलांना बाहेर उभं करणं मला मुळीच पटत नाही. आधीच परिपाठ बुडाला, वर पहिला तासही का बुडवायचा? यांच्या ऑफिसात तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापतात. मोठ्यांना ते ठीक. हिची काय रजा कापणार?

चौकशी केली. आई पहाटेच कामावर, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून मगच ही निघायची. अंगणवाडीताई त्याला थोडं आधी घ्यायला तयार झाल्या. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं शासनाने ठरवलं, मुलांची झोप व्हावी म्हणून. चांगलंच झालं. पण प्रत्येक उशीर झोपेचा नसतो, घरी जाऊन विचारावंच लागतं.