शिंदीची झाडं आणि करोडगिरीचे नाके

आज रानात वापसा नव्हता, म्हणून दिवसभर अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ वाचत बसलो. माणूस स्वतः त्या लढ्यातला, पुढं ‘मराठवाडा’ दैनिकाचा संपादक. त्यामुळं लढ्याची माहिती आतून आलेली.

शाळेत आम्हाला १७ सप्टेंबर, झेंडा आणि पोलीस ॲक्शनचे, म्हणजे १९४८ ला निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईचे, पाच दिवस एवढंच सांगितलं. पण त्याआधीचं वर्ष कुठंय? निजामाचा आबकारीचा, म्हणजे दारू-शिंदीवरच्या कराचा पैसा तोडायचा म्हणून गावोगावच्या लोकांनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडं पाडली. संस्थानाच्या सरहद्दीवर लढ्याचे कॅम्प होते, तिथली पोरं रात्री आत शिरून करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके जाळायची. ३० जानेवारी १९४८ ला नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली, शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. हे वाचून मी बराच वेळ पान उलटलं नाही.

आणि एक बोललंच पाहिजे. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे अत्याचार आपण घरोघरी सांगतो, सांगायलाच हवेत. पण पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं, त्याबद्दल चावडीवर कुणी तोंड उघडत नाही. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. मारले गेलेल्यांत कितीतरी साधे शेतकरी-कारागीर, त्यांचा रझाकारीशी काय संबंध?

तुमच्या घरातलं कुणी कॅम्पवर होतं का? किंवा त्या सप्टेंबरात कुणाला लपवलं, कुणाला गमावलं? म्हाताऱ्यांना विचारून लिहा. मी सगळं उतरवून ठेवतोय.