पुणे ते पाचगणी: नवशिक्या दुचाकीस्वारासाठी निवडलेला रस्ता

पुण्याहून पाचगणीला जाणारा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता नवशिक्या दुचाकीस्वारासाठी मुद्दाम निवडावा असा आहे. शहराबाहेर काढणारा जुना कात्रज घाट, मग महामार्ग, खंबाटकीचा एकेरी चढ, वाईकडचा उसाच्या पट्ट्यातला रस्ता आणि शेवटी दुहेरी वाहतुकीचा पसरणी घाट अशी रस्त्याची निरनिराळी रूपे त्यात एकामागून एक भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी धोका वेगळ्या बाजूने येतो. माझ्या भाचीला पक्का परवाना मिळाल्यावर जानेवारीतल्या एका कामाच्या दिवशी आम्ही दोन स्वतंत्र गाड्यांवर हा प्रवास केला. शनिवार-रविवारी या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची जी रीघ लागते, ती पहिल्या खेपेस टाळावी. शिकाऊ परवान्यावर तर हा प्रवास करूच नये. तो परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर गाडीच्या पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावून, शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे न बसवता, ओळखीच्या रस्त्यांवरच हात बसवावा.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंतचे धोके सर्वांच्या परिचयाचे आहेत: उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार, प्रवासी दिसताच डावीकडे वळणारी रिक्षा आणि थांब्यावरून निघालेली बस. कात्रजनंतर मात्र बाह्यवळणाकडे न जाता आम्ही जुन्या घाटाने निघालो. अवजड वाहतूक बहुतांशी नव्या कात्रज बोगद्याने जात असल्यामुळे येथे वळणांचा सराव निवांतपणे होतो. सकाळी दव असते, त्यामुळे सावलीतला डांबरी रस्ता ओलसर राहतो. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि कडेच्या बारीक खडीवर गाडी कललेली असताना ब्रेक लावू नये. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा आणि नजर चाकापुढच्या खड्ड्यावर न खिळवता वळण जिथे दिसेनासे होते तिथे ठेवायची, एवढे जमले तरी अर्धा घाट जिंकला. ज्या गोष्टीकडे आपण टक लावून पाहतो तिकडेच गाडी ओढली जाते, याचा अनुभव प्रत्येक नवशिक्याला लवकरच येतो.

शिंदेवाडीपासून महामार्ग सुरू होतो. येथे शिकण्याची मुख्य गोष्ट म्हणजे अंतर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एका एसटीच्या लांबीहून अधिक रस्ता संपलेला असतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन’ असे मनात म्हणावे; ते म्हणून होण्याआधीच आपण खांबाशी पोहोचलो तर अंतर कमी आहे असे समजावे. ओल्या रस्त्यावर ही मोजणी दुप्पट करावी. ट्रकच्या मागे असताना त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दुचाकीला पैसे द्यावे लागत नाहीत, पण तेथे थांबणाऱ्या गाड्यांचे तेल लेनच्या मधोमध ठिबकून थर साचलेला असतो. म्हणून मधून न जाता चाकांच्या पट्ट्यातून जावे.

पुढे शिरवळपर्यंत दुभाजकातील मोकळ्या जागा, सेवा रस्त्यावरून उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि हॉटेल दिसताच तिसऱ्या लेनमधून डावीकडे झेपावणाऱ्या मोटारी यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते. बाजूच्या रस्त्यावर थांबलेल्या मोटारीच्या चालकाच्या चेहऱ्यावर विसंबू नये. तो आपल्याकडे पाहत असला तरी आपल्याला पाहिलेच असेल असे नाही. त्याचे पुढचे चाक पाहावे, कारण गाडी निघणार हे आधी चाकावरून कळते. चाक हलताच थ्रॉटल सोडायचा आणि दोन बोटे पुढच्या ब्रेकवर आणायची, हा परिपाठ भाचीने शिरवळच्या आत अंगी बाणवला.

खंबाटकी घाटात साताऱ्याकडे जाणारी वाहतूक एकेरी असल्यामुळे समोरून कोणी येणार नाही, या भरवशावर अनेकजण वळणावर बेफिकीर होतात. धोका येथे समोरून येत नाही, तो वळणापलीकडे उभा असतो. रस्त्याच्या मधोमध झाडाची ताजी फांदी पडलेली दिसली, तर ती वाऱ्याने पडलेली नसून पुढे ट्रक बंद पडल्याची खूण आहे असे धरून चालावे. ट्रक निघून गेल्यावरही चाकामागे लावलेले दगड कित्येकदा तसेच रस्त्यावर राहतात. आम्हाला असे दोन दगड एका डाव्या वळणाच्या ऐन तोंडावर दिसले आणि वेग ताशी तीसच्या आसपास असल्यामुळे सहज चुकवता आले. जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो आहे तेवढ्यातच थांबता येईल इतका वेग ठेवणे, हा या घाटाचा एकमेव नियम मी तिला सांगितला होता.

माझ्या मते या प्रवासातला सर्वांत शिकवणारा भाग म्हणजे सुरूर फाट्यापासून वाईपर्यंतचा छोटा टप्पा. गाळपाचा हंगाम असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या सतत भेटतात. ट्रॉलीतून सांडलेला ऊस चाकांखाली चिरडून त्याची ओली चिपाडे रस्त्याला चिकटलेली असतात आणि त्यांवर पुढचे चाक साबणावरून जावे तसे सरकते. अशा जागी पुढचा ब्रेक दाबून धरण्याऐवजी थ्रॉटल सोडून, हँडल सरळ ठेवून निघून जावे. भाचीच्या १५० सीसी गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, केवळ पुढच्या चाकाला आहे; मागचा ब्रेक करकचून दाबला तर चाक जाम होणारच, हे अशा गाड्या वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दुहेरी ट्रॉलीला ओलांडताना तिची लांबी डोळ्यांना फसवते आणि मागची ट्रॉली खड्ड्यात हेलकावली की हातभर बाहेर येते, म्हणून समोरचा रस्ता दूरवर रिकामा दिसेपर्यंत मागेच राहावे. अंधार पडल्यावर तर या ट्रॉल्यांना अनेकदा मागचा दिवाही नसतो. सूर्यास्तानंतर नवशिक्याने या रस्त्यावर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जेथे वडाची जुनी झाडे उरली आहेत तेथे उन्हा-सावलीच्या जाळीत खड्डे दिसत नाहीत, हेही सांगायला हवे.

वाईत चहा घेऊन आम्ही पसरणी घाट चढलो. येथे वडापच्या, म्हणजे प्रवासी गोळा करत धावणाऱ्या खासगी जीपगाड्यांना प्रत्येक वळण पाठ असते, तर पर्यटकांना एकही नसते. दोघेही मधली रेषा ओलांडतात. त्यामुळे उजव्या वळणावर मध्यरेषेला चिकटू नये, कारण गाडी कलली की आपले डोके पलीकडच्या लेनमध्ये जाते. घाटात चढणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला असला तरी तो हक्क बजावण्याचा आग्रह दुचाकीस्वाराने धरू नये.

परतीच्या उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवावी. न्यूट्रल किंवा बंद इंजिनावर उतरणे म्हणजे इंजिनाने मिळणारा अर्धा ब्रेक गमावणे. पुण्याकडे येणारी वाहतूक खंबाटकीला घाटाऐवजी बोगद्यातून जाते; त्या बोगद्यात शिरण्यापूर्वी काळा चष्मा काढावा आणि बाहेर पडताना डोळे दिपतात तेवढ्यात वेग वाढवू नये, कारण लगेच उतारावर इंग्रजी ‘एस’सारखे अपघातप्रवण वळण आहे. येथे आपल्या मागे भरलेला ट्रक असेल तर त्याला आधी पुढे जाऊ द्यावे. पुण्यात शिरताना नव्या कात्रज बोगद्याने नवले पुलाकडे उतरू नये; त्या लांब उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात वारंवार होतात, आणि मागून येणाऱ्या अशा वाहनापुढे दुचाकीस्वाराचे कौशल्य काहीच कामाचे नसते. शिंदेवाडीहून पुन्हा जुना घाट धरला, तर दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात.